पाचव्या वळणावरचा वारा

जानेवारी महिन्यात इंदूरच्या छत्रीबागेतल्या त्या खोलीत ऊन थेट येत नसे. ते आधी समोरच्या घराच्या चुन्याच्या भिंतीवर पडे, तिथे थोडे रेंगाळे, आणि मग गल्ली ओलांडून खिडकीतून आत येई. एवढ्या प्रवासात त्याचा तांबूसपणा वाटेतच गळून गेलेला असे. आत पोचे तो ताकासारखा फिका, जरासा थंड उजेड. सात वाजून दहा मिनिटांनी तो छताच्या कोपऱ्यात दिसू लागे. तिथून तो काही घाई न करता भिंतीवरून खाली येई. कॅलेंडरची वरची पट्टी, खुंटीवरचा मफलर, मफलरशेजारची काडी मोडलेली छत्री, पुस्तकांची फळी, फळीच्या कडेवर उताणा पडलेला, नकाशे काढायचा लाकडी गुण्या. प्रत्येक वस्तूपाशी तो इतका वेळ थांबे की ती वस्तू आपण पहिल्यांदाच पाहतो आहोत असे वाटावे. शेवटी तो भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकलीवर उतरे. आधी सीट, मग निळी नळी, आणि सगळ्यांत शेवटी हँडलवरची पितळी घंटी. घंटीच्या फुगीर पाठीवर मग ती अख्खी खिडकी, समोरची भिंत आणि भिंतीवरचे एखादे कबुतर वाकून, लहान होऊन मावून जाई.

यशवर्धन रोज पांघरुणातून हा उजेड पाहत असे, आणि तो घंटीपाशी पोचला की कुशीवर वळत असे.

त्या रविवारी मात्र त्याला वळता आले नाही. तो बूट घालून, हातमोजे मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसला होता, आणि घंटी त्याच्या अगदी समोर होती.

"यश, दूध पिऊन जा," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. पाठोपाठ भानुमतीबाई स्वतःच पेला घेऊन आल्या आणि दूध देण्याआधी त्यांनी पदराच्या टोकाने घंटी पुसली. "कालच चिंच लावून घासलीये. फोटो काढतील ना लोक."

"आई, आज ती द्यायची आहे."

"ती पोरगी चढली तर द्यायची! नाही चढली तर आपल्याकडेच राहणार की. अजून एक साल." त्यांनी अंगठ्याने खटका दाबला. घंटी खोलीभर खणखणली. "बघ, कशी गोड बोलते. आणि तू वर्षभरात एकदा वाजवली नाहीस. काय हातात काटे भरतात का रे?"

यशवर्धनने दूध संपवले आणि मिशी पुसत, खाली पाहत, सायकल उचलून जिना उतरला.

या घंटीची हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ती मूळची अप्पासाहेब नावाच्या एका वयस्क गृहस्थांच्या घरची; त्यांचे आजोबा होळकर दरबारात कागदपत्रे पोचवण्याच्या कामावर होते, आणि त्या कामासाठी त्यांना एक सायकल मिळाली होती. सायकल केव्हाच गंजून गेली, घंटी तेवढी उरली. अप्पासाहेबांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ओळखीपाळखीच्या मराठी घरांतली माणसे जमवून सायकलींचा एक मेळा उभा केला, तेव्हा ही घंटी त्यांनी मेळ्याला देऊन टाकली आणि तिच्याबरोबर एक रीतही लावून दिली. दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी महूच्या पलीकडे जानापावच्या डोंगरापर्यंत जायचे. तिथे एका नव्या उमेदवाराने, म्हणजे तो डोंगर ज्याने अजून सर केलेला नाही अशा एकाने, पायथ्यापासून माथ्यावरच्या कुंडापर्यंत पाय न टेकता सायकल न्यायची. बाकी मंडळींनी पुढे निघून जायचे. उमेदवाराच्या मागे एकटा साक्षीदार राहणार, आणि साक्षीदार तोच, ज्याच्या हँडलवर त्या वर्षी घंटी असेल. वर पोचल्यावर त्याने एवढेच सांगायचे: पाय टेकला, किंवा नाही टेकला. नाही टेकला तर घंटी उमेदवाराची. टेकला तर ती जुन्याच हँडलवर आणखी एक वर्ष.

गेल्या वर्षी उमेदवार यशवर्धन होता आणि साक्षीदार होत्या शशिकला काकू.

शशिकला काकूंचे वय बासष्ट. सरकारी दवाखान्यातल्या प्रसूतीच्या वॉर्डात पस्तीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि चढावर सायकल मारताना त्यांच्या तोंडी अजून तीच भाषा होती. "लाव जोर, बाळा, थोडंच राहिलंय!" असे त्या प्रत्येकाला ओरडून सांगत, थोडे राहिलेले असो की अर्धा डोंगर राहिलेला असो. डोंगराला सात वळणे होती. त्यांतले पाचवे सगळ्यांत उभे. सात फूट पुढे गेले की रस्ता एक फूट वर गेलेला असे. यशवर्धन एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात नकाशे काढत असल्यामुळे त्याने ते एकदा मोजूनही पाहिले होते. काकूंच्या ओरडण्यावरून मेळ्याने त्या वळणाचे नावच लेबर रूम ठेवले होते.

तर गेल्या वर्षी त्या लेबर रूममध्ये यशवर्धनच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुढचे चाक डगमगले. पाय पॅडलवरून सुटायला आला. आणि नेमक्या त्या क्षणी सायकल एकाएकी हलकी झाली. तीस-चाळीस पावलांचे अंतर कुणाच्याच मेहनतीशिवाय सरून गेले, झाडी संपली, मोकळा माळ आला, आणि तो वर पोचला. "पाय नाही टेकला," शशिकला काकूंनी साक्ष दिली. टाळ्या झाल्या. पाचवे वळण काढलेस कसे, असे कुणीतरी विचारले, तेव्हा यशवर्धन लाजून म्हणाला होता, "मागून वारा आला."

मागे वळून पाहायचे त्याने त्या क्षणीही टाळले होते आणि पुढे वर्षभरही. वारा आला, असे तो आईला म्हणाला, मामांना म्हणाला, कार्यालयात म्हणाला. काही गोष्टी पुष्कळदा सांगितल्या की गुळगुळीत होतात. ही मात्र दर खेपेला आणखी खरखरीत होत गेली. आज घंटी एकदा दुसऱ्या हँडलवर गेली की तिच्याबरोबर तो वाराही जाईल, अशी त्याची आशा होती. यंदाची उमेदवार स्वानंदी चढली पाहिजे, एवढेच त्याला हवे होते. इतक्या मनापासून त्याने स्वतःसाठीही काही मागितले नव्हते.

राजवाड्यासमोर मंडळी जमली होती. थंडीने सगळ्यांच्या बोलण्याला वाफ होती. रघुवीर सराफ्यात दागिन्यांना पॉलिश करण्याचे काम करी, त्यामुळे चकाकणारी कोणतीही वस्तू त्याच्या नजरेतून सुटत नसे.

"ओ हो हो! क्या चमक है भिया!" त्याने घंटीवर वाकून आपले दात पाहून घेतले. "काकींनी घासली का? आमच्याकडे पाठव त्यांना, दोन कारागिरांचं काम करतील. आणि तू वाजवतोस कधी? का म्यूझियममध्येच ठेवणार?"

"गरज नाही पडली."

"वर्षभर गरज नाही पडली! इंदूरमध्ये!" रघुवीर सगळ्यांकडे वळला. "मी स्वतः पाहिलंय. जवाहर मार्गावर एक म्हैस आडवी उभी. हा सायकलवरून उतरून तिला म्हणतो, 'जरा साइड देता का?' देता का! म्हशीला अहो-जाहो!"

"मग तिने दिली का साइड?" स्वानंदीने विचारले.

"अरे, ती मॅडम शरमून गेली. इतक्या अदबीने तिला आजवर कोणी बोललंच नव्हतं."

सगळे हसले, आणि यशवर्धनही हसला, कारण ती गोष्ट खरी होती.

स्वानंदी मूळची सांगलीची. दोन वर्षांपूर्वी पीथमपूरच्या एका कारखान्यात अभियंता म्हणून ती आली आणि आल्यापासून इथल्या मराठीची गोडी तिला लागली होती. मुद्दाम ती "करून राहिले", "जाऊन राहिले" असे बोले आणि आपल्यालाच हसे. गेले चार महिने ती रोज पहाटे बायपासच्या पुलावर चढउतार करत होती. तिच्या हँडलवर घंटीसाठी आधीच एक रिकामी पट्टी आवळून बसवलेली होती. ती पट्टी पाहून यशवर्धनला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

महूपर्यंत रस्ता सपाट होता. गव्हाची शेते पोटरीवर आलेली, मधूनच हरभरा, आणि कडेच्या बाभळींवरून दव सावकाश निथळत होते. अप्पासाहेबांची जीप मागून येई, पुढे जाई, पुन्हा थांबे. तिच्यात पोह्यांचे पातेले होते आणि प्रत्येक वेळी ती जवळून गेली की वर भुरभुरलेल्या जिरावण मसाल्याचा वास रस्ताभर मागे राही, इतका की जानापावच्या फाट्यापर्यंत निम्म्या लोकांचे लक्ष डोंगरावरून उडाले होते.

पायथ्याशी अप्पासाहेब जीपमधून उतरले. पंचाहत्तरी उलटलेला, ताठ, डोक्याला लोकरी टोपी घातलेला हा माणूस एरवी मोठा थट्टेखोर होता, पण या एका ठिकाणी त्यांचा आवाज दरबारी होई.

"उमेदवार पुढे या. नाव?"

"अहो अप्पासाहेब, कालच तुमच्याकडे कढी प्यायले मी."

"नाव?"

"स्वानंदी."

"नियम ऐका. इथल्या दगडापासून वरच्या कुंडापर्यंत पाय जमिनीला लागता कामा नये. बाकी ज्याचं त्याला ठाऊक." मग ते यशवर्धनकडे वळले. "साक्षीदार, डोळे उघडे ठेवा. तोंड वर पोचल्यावरच उघडा. तुम्हाला ते काही कठीण नाही."

मंडळी पुढे निघाली. शशिकला काकू आपल्या लाल स्वेटरमध्ये, डोक्याला रुमाल बांधून, जाता जाता यशवर्धनशेजारी क्षणभर रेंगाळल्या. "काय रे, चेहरा का असा? परीक्षा तिची आहे."

"काही नाही काकू."

"वारा सुटेल असं वाटतं का आज?" त्यांनी आकाशाकडे पाहत सहज विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता पॅडल मारले. पहिल्या वळणाआडून त्यांचा आवाज आला, "लावा जोर! थोडंच राहिलंय!" आणि रघुवीरचा, "काकू, आत्ता तर सुरू केलं!"

मग रान शांत झाले. स्वानंदीने हातमोजे ओढले, एकदा मागे पाहून हसली, आणि चढाला लागली.

पहिली तीन वळणे तिने गाणे गुणगुणत काढली. दोन्हीकडे सागाचे रान होते. सागाची मोठमोठी पाने वाळून तांबडी झालेली, काही झाडावर, काही रस्त्यावर, आणि चाकाखाली आलेले प्रत्येक पान पापडासारखे मोडत होते. पळसाला अजून फुले नव्हती, पण काळ्या कळ्यांनी फांद्यांची टोके जड झाली होती. उन्हाच्या तिरप्या पट्ट्या रस्त्यावर पडल्या होत्या. स्वानंदी त्यांतून जाई तेव्हा तिची सावली एकदा डावीकडच्या उतारावर चढे आणि एकदा उजवीकडच्या दरीत पडे. यशवर्धन दहा हात मागे होता. त्याला स्वतःला आज चढ जाणवत नव्हता. त्याचे सगळे शरीर पुढच्या सायकलीत जाऊन बसले होते. तिने गिअर बदलला की याच्या बोटांत हालचाल होई.

चौथ्या वळणावर गुणगुणणे थांबले.

पाचव्या वळणाच्या तोंडाशी ती सीटवरून उठली आणि उभ्याने पॅडल मारू लागली. उजवीकडे डोंगराची कापलेली भिंत आणि डावीकडे दाट झाडी, असा तो रस्त्याचा तुकडा एखाद्या अरुंद खोलीसारखा होता. भिंतीलगतच्या सागाच्या फांदीवरून कोळ्याच्या धाग्याला अडकून एक वाळके पान खाली लोंबत होते. यशवर्धनची नजर त्या पानावर गेली आणि तिथेच राहिली. पान हलत नव्हते. तसूभरही नाही. त्याच्या मागच्या गवताचे तुरेही, चित्रात काढावेत तसे, उभे होते.

समोर स्वानंदीचे चाक डगमगले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तिचा श्वास घशातून घरघरत येत होता. सायकल जवळजवळ थांबली.

यशवर्धनने विचार केला नाही. दोन जोरकस पॅडलांत तो तिच्या शेजारी पोचला, त्याचा डावा हात हँडलवरून सुटला, आणि तळवा तिच्या पाठीच्या तळाशी, कमरेच्या दोन बोटे वर, सपाट जाऊन टेकला. ती सायकल पुढे सरकली. हलकी झाली. एक पॅडल, दोन, तीन.

"हात काढ!"

त्याने काढला नाही. आणखी थोडेच राहिले होते.

"यश, हात काढ म्हणते ना!" आणि तिने ब्रेक दाबून दोन्ही पाय रस्त्यावर आपटले. चांगले दणदणीत.

यशवर्धन तोल जाता जाता चार हात पुढे जाऊन थांबला. स्वानंदीचा चेहरा पळसाच्या फुलासारखा लाल झाला होता, आणि तिला बोलण्याइतका श्वास आला तेव्हा ती म्हणाली, "काय करून राहिला होतास, भिया?"

"तू पडली असतीस."

"मग पडले असते! पडणं माझं होतं की नाही?"

"नियमात हाताचं काही नाही. फक्त पायाचं आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. राग तिच्यात फार वेळ टिकत नसे. त्याच्या जागी आता कुतूहल आले होते. "किती पटकन बोललास. पाठ केल्यासारखं."

यशवर्धनने पानाकडे पाहिले. ते तसेच होते.

"आणि एक सांग," स्वानंदीने बाटलीतले पाणी डोक्यावर ओतत विचारले, "बरोबर कुठे हात लावायचा ते तुला कुणी शिकवलं? माझा भाऊ लहानपणी खांद्याला धरून ढकलायचा, मी प्रत्येक वेळी आडवी व्हायचे. तू लावलास आणि सायकल इकडची तिकडे झाली नाही. हे आपोआप येत नाही रे. मी गिअरबॉक्स बनवते, जोर कुठे लावायचा हे मला कळतं."

"वाटलं तिथे लावला."

"हूं," ती म्हणाली.

पण ते वाटलेले नव्हते. त्या हाताएवढी एक जागा त्याच्या स्वतःच्या पाठीवर, कमरेच्या दोन बोटे वर, वर्षभर जागी होती. अंघोळ करताना, खुर्चीला टेकून नकाशा काढताना, रात्री पाठ अंथरुणाला लागताना ती त्याला सापडे, आणि प्रत्येक वेळी तो दुसऱ्या कशाचा तरी विचार करू लागे.

"चल," स्वानंदीने सायकल पुन्हा सरळ केली. "पुढच्या वर्षी बघू. पोहे संपतील. रघुवीर भिया वर पोचलाय आणि शेव त्याच्या ताब्यात आहे."

ती पुन्हा निघाली, आणि हरल्यामुळे की काय, पहिल्यापेक्षा मजेत चढू लागली. वळण संपले तशी झाडीही संपली, आणि एकदम सगळे उघडे झाले. डोंगराचा तो वरचा भाग म्हणजे नुसता माळ होता, कुसळी गवताचा, जानेवारीच्या उन्हात फिकट सोन्यासारखा. मधूनमधून काळे दगड, एखादे एकटे खुरटे झाड, आणि खाली दूरवर निळसर होत गेलेल्या टेकड्यांच्या ओळी. रस्ता त्या गवतातून शेवटची दोन वळणे घेत माथ्याकडे जात होता. आणि इथे वारा होता. केवढा तरी वारा होता. तो माथ्यावरून थेट तोंडावर येत होता, गवताला लोळवत, डोळ्यांत पाणी आणत, छातीवर हात ठेवून मागे ढकलत.

स्वानंदीने मान खाली घातली आणि खदखदून हसत ओरडली, "यश! हा बघ तुझा वारा! हा तर समोरून येतो रे!"

तिने ते थट्टेने म्हटले होते. गेल्या वर्षीची गोष्ट तिने इतरांसारखीच ऐकली होती, तिला त्यातले काही ठाऊक नव्हते. तरी यशवर्धनला वाटले की डोंगराने कुणाच्या तरी तोंडून आपल्याला हाक मारली. समोरून येणारा वारा तो तसाच तोंडावर घेत राहिला, आणि गंमत अशी की त्याला बरे वाटू लागले. उसाचा रस प्यायल्यासारखे थंड, स्वच्छ काहीतरी छातीत उतरत होते.

माथ्यावर कुंडाच्या अलीकडे जीप उभी होती आणि तिच्या बॉनेटवर थाळ्या मांडल्या होत्या. रघुवीर शेवेचा डबा काखेत धरून उभा होता. शशिकला काकू दगडावर बसून जिलेबी खात होत्या. दोघे दिसताच सगळे उठून उभे राहिले.

"टेकला!" स्वानंदीने लांबूनच जाहीर केले. "दोन्ही टेकले! पाचव्या वळणावर! शेव वाचलीये का?"

"शाबास!" रघुवीर म्हणाला. "इतक्या खुशीने हरलेला माणूस मी पहिल्यांदाच बघून राहिलो. हारफूल आणा रे कोणी."

"शांत!" अप्पासाहेबांनी हात वर केला. "उमेदवाराला कुणी विचारलेलं नाही. रीत म्हणजे रीत. साक्षीदार?"

यशवर्धन सायकलवरून उतरला. "टेकला," तो म्हणाला.

"कुठे?"

"पाचव्या वळणावर."

"ऐकलं सगळ्यांनी? मग घंटी यंदाही यशवर्धनकडे." दरबारी आवाज संपला आणि अप्पासाहेब नेहमीसारखे हसले. "आता घंटी राखणाऱ्याने ती तीनदा वाजवायची, खाली दरीला ऐकू जाईल अशी. हीसुद्धा रीत आहे. की म्हशीसारखी दरीलाही विनंती करणार?"

हशा पिकला. रघुवीरने मोबाइल बाहेर काढला. "एक मिनिट, हे मला रेकॉर्ड करू द्या. ऐतिहासिक क्षण आहे. हां, लाव अंगठा भिया."

यशवर्धनने हातमोजा काढला आणि अंगठा खटक्यावर ठेवला. पितळ थंड होते. आईच्या चिंचेने ते इतके स्वच्छ झाले होते की त्यात सगळी मंडळी दिसत होती, वाकलेली, लहान झालेली. टोपीवाले अप्पासाहेब, थाळी घेऊन उभी असलेली आणि कुणाच्याही परवानगीविना खायला लागलेली स्वानंदी, आणि एका कडेला लाल ठिपक्याएवढे शशिकला काकूंचे स्वेटर.

अंगठा दाबला जाईना.

"काय झालं?" अप्पासाहेबांनी विचारले. "गंजली का?"

"गंजेल कशी, काकी रोज घासतात," रघुवीर म्हणाला. "हाच गंजलाय."

यशवर्धनने मान वर करून शशिकला काकूंकडे पाहिले. वर्षभरात पहिल्यांदा सरळ पाहिले. काकूंनी जिलेबीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, पाक लागलेली बोटे एकेक करून चाटली, आणि पस्तीस वर्षे घाबरलेल्या बायांकडे ज्या नजरेने पाहिले असेल त्या नजरेने त्याच्याकडे पाहिले.

"लाव जोर, बाळा," त्या म्हणाल्या. "थोडंच राहिलंय."

सगळे पुन्हा हसले; त्यांना वाटले, काकू घंटीबद्दल बोलताहेत. यशवर्धनला मात्र तो आवाज ओळखीचा वाटला, आणि तो नुसत्या त्या शब्दांमुळे नव्हे. तो त्याने गेल्या वर्षी एकदा, अगदी कानामागून, श्वासाच्या अंतरावरून ऐकला होता.

त्याने खटक्यावरचा अंगठा उचलला. मग वाकून, घंटीचा स्क्रू दोन बोटांनी फिरवत, तो सैल करू लागला. स्क्रू सहज निघाला. इतका सहज की त्याचे त्यालाच आश्चर्य वाटले. घंटी हातात घेऊन तो अप्पासाहेबांसमोर गेला आणि ती त्यांच्या तळव्यावर ठेवली. बोलताना त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला, कारण समोरून वारा होता आणि ऐकू जायला हवे होते.

"अप्पासाहेब, गेल्या वर्षी पाचव्या वळणावर वारा नव्हता. माझ्या पाठीवर शशिकला काकूंचा हात होता."